उन्हाळी, इन्फेक्शन की आणखी काही? लघवीच्या तक्रारी आणि हातातला रिपोर्ट

पाणवठा

मार्च उजाडला की घराघरांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘उन्हाळी लागलीय.’ लघवीला आग, थेंब थेंब होणं, सारखं जावंसं वाटणं, सगळं त्या एका शब्दात बसतं. उपायही दोनच. एक तर रात्रभर भिजवलेल्या धने-जिऱ्याचं पाणी, नाहीतर मेडिकलवाल्याला विचारून आणलेल्या चार गोळ्या. माझं मत असं की दोन्ही उपाय दुखणं न ओळखता होतात. पाणी कमी पडलेल्याला अँटिबायोटिक मिळतं आणि खऱ्या जंतुसंसर्गाला धने-जिरे.

इथे लॅबमधली, औषधांतली, फिजिओथेरपीतली मंडळी आहेत म्हणून विचारतो. समजा रिपोर्ट असा आहे: बाई, वय ६८, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवीचा दाटपणा) १.०३०, पस सेल्स (पू-पेशी) ८-१०, एपिथेलियल सेल्स १०-१२, नायट्राइट निगेटिव्ह. लघवीला थोडी आग आहे, ताप नाही. हे इन्फेक्शन आहे का? गोळी सुरू करावी का?

ओघाने बाकीच्या नेहमीच्या तक्रारीही येऊ द्या. रात्री चार-चारदा उठणं, खोकताना थेंब जाणं, धार बारीक होणं. ज्याला जे नीट ठाऊक आहे ते त्याने लिहावं.

तिरफळ

‘पाणवठा’ या नावाने हा धागा निघावा, याहून चपखल काय! वाचतेय.

सूक्ष्मदर्शी

या रिपोर्टवरून इन्फेक्शन आहे असं म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही. नमुनाच बिघडलेला आहे. एपिथेलियल सेल्स १०-१२ म्हणजे बाहेरच्या त्वचेच्या पेशी डबीत उतरल्या. त्या आल्या म्हणजे तिथले पस सेल्स आणि जंतूही आलेच. अशा वेळी ८-१० पस सेल्सना काही किंमत राहत नाही. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखायची तपासणी, लावलं तर ‘मिक्स्ड ग्रोथ’ म्हणजे तीन-चार जातींचे जंतू उगवतील आणि पुन्हा नमुना मागवावा लागेल.

नमुना असा घ्यावा. हात साबणाने धुवायचे. बाईने ती जागा साध्या पाण्याने पुढून मागे अशी धुवायची, डेटॉल-सॅवलॉन लावायचं नाही. ते डबीत उतरलं तर जंतू मरतात आणि कल्चर खोटं निगेटिव्ह येतं. एका हाताने त्या जागेचे दोन्ही ओठ बाजूला धरायचे आणि शेवटपर्यंत सोडायचे नाहीत. पुरुषाने कातडी मागे घ्यायची. पहिली धार संडासात जाऊ द्यायची, धार न थांबवता मधली १०-२० मिली डबीत धरायची, उरलेली परत संडासात. डबीच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. झाकण काढून ठेवताना त्याची आतली बाजू वर राहिली पाहिजे, नाहीतर बेसिनच्या कट्ट्यावरचं सगळं त्याला चिकटतं.

कल्चरसाठी डबी निर्जंतुक हवी, लॅबकडूनच सीलबंद मिळते. मुरंब्याची उकळून घेतलेली बाटली चालत नाही.

आता सगळ्यात जास्त चूक कुठे होते ती सांगते. सकाळी ६ ला नमुना घेतला, डबी पिशवीत घातली, नाश्ता झाला, मुलं शाळेत गेली आणि साडेदहाला डबी लॅबमध्ये पोचली. उन्हाळ्यातल्या खोलीत लघवीतले जंतू दर वीस-तीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकतात. मूळचे हजारभर जंतू चार तासांत लाखाच्या वर जातात आणि रिपोर्टवर ‘१ लाख सीएफयू प्रति मिली’ (दर मिलीत वाढू शकणारे जंतू) असा ठसठशीत आकडा येतो. पस सेल्सचं उलटं होतं, त्या फुटून जातात आणि कमी दिसतात. म्हणून तासाभरात पोचवा, फार तर दोन तास. जमत नसेल तर डबी घट्ट बंद करून दुसऱ्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. खालच्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये नाही. तशी ती कल्चरपुरती २४ तास टिकते.

नायट्राइटबद्दल. ई. कोलायसारखे जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, पण त्याला लघवी आतल्या पिशवीत, म्हणजे मूत्राशयात, साधारण चार तास राहावी लागते. दर अर्ध्या तासाला लघवीला जाणाऱ्या माणसात तेवढा वेळच मिळत नाही. शिवाय एन्टेरोकॉकससारखे काही जंतू नायट्राइट करतच नाहीत. तेव्हा पॉझिटिव्ह आलं तर विश्वास ठेवा, निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

चिंचगूळ

आणि पाळी चालू असेल तर?

सूक्ष्मदर्शी

थांबता येत असेल तर पाळी संपल्यावर दोन दिवसांनी द्या. थांबता येण्यासारखं नसेल तर स्वच्छ कापूस किंवा टॅम्पॉन आत ठेवून वरच्याच रीतीने नमुना घ्या आणि फॉर्मवर तसं लिहा. न लिहिल्यामुळे ‘आरबीसी (रक्तातल्या लाल पेशी) भरपूर’ असा रिपोर्ट येतो आणि पुढे सोनोग्राफीपर्यंत वणवण होते.

वाळा

उन्हाळी या शब्दावर. जुन्या वैद्यकात याचे दोन वेगळे कप्पे आहेत. लघवी होते पण कष्टाने, दुखून होते ते मूत्रकृच्छ्र. लघवी अडते, तुंबते तो मूत्राघात. मूतखडा म्हणजे अश्मरी, त्याचा विचार स्वतंत्र. सुश्रुतसंहितेत तर पिशवीतला खडा शस्त्राने काढण्याची पद्धत दिलेली आहे. आपण बोलीत हे सगळे कप्पे मोडून एक ‘उन्हाळी’ केली, हे पाणवठा यांचं म्हणणं मला पटतं.

पण धने-जिऱ्याला एवढं मोडीत काढू नका. आग नुसती पाणी कमी पडल्याची असेल तर तेच पाणी काम करतं. एक चमचा धने आणि अर्धा चमचा जिरं भरडून दोन पेले पाण्यात रात्रभर भिजवावं, सकाळी कुस्करून गाळावं, दिवसभरात घोट घोट घ्यावं. सब्जा, वाळ्याचं पाणी, पातळ ताक, नाचणीची आंबील, हे सगळं उन्हाळ्यात चांगलंच. रोग मारायला नाही, लघवी मोकळी व्हायला. ताप, थंडी, कमरेत एका बाजूला ठणका, उलटी यातलं एक जरी असलं तरी त्या दिवशी धने-जिरे बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावं.

औषधपेटी

वाळा यांना +१, विशेषतः शेवटच्या वाक्याला.

उन्हाळ्यात याच यादीत येणाऱ्या शहाळ्याबद्दल एक पुरवणी. एका शहाळ्यात साधारण ५००-६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. धडधाकट माणसाला काही होत नाही. पण किडनी अधू असेल, किंवा बीपीसाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी गोळी आणि जोडीला स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर रोज दोन शहाळी पिऊन रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. त्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता मेडिकलमधून मागितल्या जाणाऱ्या दोन गोष्टी. पहिली, लघवीची आग शमवणारं गुलाबी-केशरी सिरप. त्यात बहुतेक डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट असतं. ते लघवीची आम्लता कमी करतं म्हणून चरचर कमी वाटते. जंतू मरत नाहीत. त्यात सोडियम असल्याने बीपी, हृदय आणि किडनीच्या रुग्णांनी ते आठवडा आठवडा पिऊ नये. आणि सहसा कुणी सांगत नाही ते असं: नायट्रोफ्युरँटॉइन हे लघवीच्या संसर्गावरचं औषध आम्लधर्मी लघवीत जास्त चांगलं चालतं. एकाच चिठ्ठीवर गोळी आणि सिरप दोन्ही असतील तर सिरप गोळीच्या पायात पाय घालतं. पित्तावरच्या मॅग्नेशियम ट्रायसिलिकेटवाल्या गोळ्याही याच्यासोबत नकोत, औषध शोषलं जात नाही.

दुसरी गोष्ट, ‘मागच्या वेळी लागू पडलेली’ गोळी. ती बहुतेक सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन असते. आपल्याकडच्या ई. कोलायमध्ये या गटाला दाद न देणारे जंतू इतके झालेत की आंधळेपणाने ती सुरू करण्यात अर्थ राहिलेला नाही. तरुण बाईच्या साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला सध्या दोन औषधं पहिली मानली जातात. नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणासोबत, ५ दिवस. किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी, एकदाच, पाण्यात विरघळवून, रात्री लघवी करून रिकाम्या पोटी झोपण्यापूर्वी, म्हणजे औषध रात्रभर पिशवीत राहतं. दोन्ही डॉक्टरच्या चिठ्ठीवरच. पट्टीवर उभी लाल रेघ असते ती त्याचसाठी.

नायट्रोफ्युरँटॉइनने लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नका. उलट फेनाझोपायरिडीन असलेल्या आग थांबवणाऱ्या गोळीने ती नारिंगी होते आणि कपड्यावरचा डाग जात नाही. ती दोन दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये.

गोदाकाठ

सगळं बरोबर, पण आंधळेपणाने गोळी नको म्हणजे ‘आधी कल्चर’ आलं, हा आग्रह तालुक्याच्या गावी कसा चालवायचा? कल्चर जिल्ह्याला जातं, रिपोर्ट तिसऱ्या दिवशी. तोवर बाईने आगीने तळमळत बसायचं का? आणि ऊसतोडीवरच्या बाईला तर तीन दिवस थांबायची सोयच नाही. पहाटे फडात उतरायचं, संडास नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही. तिला हे नमुन्याचं शास्त्र सांगून काय उपयोग?

शल्यक

गोदाकाठ, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि त्याला उत्तर आहे. नमुना देणं आणि रिपोर्टची वाट पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नमुना आधी द्यायचा, पहिला डोस त्यानंतर लगेच घ्यायचा. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला की गरज पडल्यास औषध बदलायचं. उलटा क्रम झाला, म्हणजे दोन गोळ्या पोटात गेल्यावर नमुना दिला, तर कल्चरमध्ये काहीच उगवत नाही आणि पुढची वाट बंद होते.

शिवाय प्रत्येकीला कल्चर लागतंच असं नाही. तरुण, गरोदर नसलेली बाई, अचानक सुरू झालेली आग, सारखी लागणारी लघवी, अंगावरून पांढरं जात नाही, खाज नाही, ताप नाही, हे पहिल्यांदाच होतंय. एवढं जुळलं तर निदान लक्षणांवर होतं, डॉक्टर कल्चरशिवाय औषध देऊ शकतात. पण पुरुष, गरोदर बाई, लहान मूल, मधुमेही, लघवीची नळी घातलेला रुग्ण, ताप-थंडी वाजणारा रुग्ण, आणि सहा महिन्यांत दुसऱ्यांदा त्रास झालेली बाई, यांच्यात कल्चर चुकवू नये. ताप आणि कमरेत ठणका असेल तर संसर्ग किडनीपर्यंत गेलेला असू शकतो. तिथे नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिनची पुडी पुरी पडत नाही. ती औषधं लघवीत उतरतात, किडनीच्या मांसात पुरेशी पोचत नाहीत.

कल्चर-रिपोर्ट वाचताना आणखी एक चूक होते. प्रत्येक औषधापुढे एमआयसीचा, म्हणजे जंतूंची वाढ थांबवायला लागणाऱ्या कमीत कमी मात्रेचा, आकडा असतो. सगळ्यात छोटा आकडा म्हणजे सगळ्यात जालीम औषध असं समजून लोक इंजेक्शनचा हट्ट धरतात. दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत, प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी असते. फक्त एस (लागू), आय (मधलं), आर (लागू नाही) ही अक्षरं पाहा आणि निवड डॉक्टरवर सोडा.

कण्हेर

गोदाकाठ यांनी संडासाचा विषय काढला ते बरं केलं. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ मोहीम याचसाठी चालली, की बाईला घराबाहेर मोफत, स्वच्छ मुतारी मिळावी. एसटी स्टँड, शाळा, बाजार, फड, कुठेही बाई सकाळपासून पाणी पिणं टाळते कारण जायला जागा नाही. पाण्याचं प्रमाण घटलं की दोन गोष्टी होतात. लघवी दाट होऊन आग होते, आणि पिशवी दिवसातून दोनदाच रिकामी होत असल्याने आत शिरलेले जंतू धुऊन जात नाहीत. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या तरुण बायकांवर एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. रोज दीड लिटर पाणी जादा प्यायला सांगितलेल्या गटात संसर्गाच्या खेपा जवळजवळ निम्म्यावर आल्या. औषधाविना. हे पाणी पिता यावं म्हणून संडास हवा, इतकं ते सरळ आहे.

प्रवासात पेट्रोल पंपावरचं शौचालय फुकट वापरता येतं, हे अजून अनेक बायकांना माहीत नसतं.

तिरफळ

कण्हेर, अगदी खरं. आणि वाट्टेल तशा सार्वजनिक संडासात सीटला न टेकता अर्धवट उभं राहून उरकलं जातं, त्याने काही बिघडतं का?

पाऊलवाट

बिघडतं. अधांतरी उभं राहिलं की मांड्या आणि कुल्हे ताठ असतात, त्यांच्याबरोबर ओटीपोटाचा तळही सैल पडत नाही. धार जोर लावून काढावी लागते आणि पिशवीत थोडी लघवी राहते. त्यापेक्षा कागद अंथरून किंवा सीट पुसून टेकून बसा, किंवा देशी संडासात नीट उकिडवं बसा, ती बसण्याची रीत चांगलीच आहे.

खोकताना, शिंकताना, बादली उचलताना थेंब जातात ती तक्रार वेगळी. तिथे पिशवीचा दोष नाही, खालचा स्नायूंचा झोळा सैल झालेला असतो. बाळंतपणानंतर आणि पाळी गेल्यावर जास्त. यावर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडलेला व्यायाम आजही पहिला उपाय आहे. पण तो निम्म्या बायका चुकीचा करतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी स्नायू ओळखा. चारचौघांत वारा सुटू नये म्हणून आपण मागची वाट जशी आवळतो, तसं आवळा आणि तीच ओढ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा. आतून वर उचलल्यासारखं वाटलं पाहिजे. पोटावर हात ठेवा, पोट ताठ होता कामा नये. ढुंगण आवळलं जात असेल, मांड्या जुळत असतील किंवा श्वास रोखला जात असेल तर चुकतंय. खाली ढकलल्यासारखं वाटत असेल तर व्यायाम उलटा होतोय, थांबा आणि कुणाकडून तरी तपासून घ्या. सुरुवातीला आडवं पडून, गुडघे दुमडून करा. मनातल्या मनात पाच अंक मोजेपर्यंत धरा, तेवढाच वेळ पूर्ण सोडा. सोडणं हे धरण्याइतकंच महत्त्वाचं. असे ८-१० वेळा, दिवसातून तीनदा. पुढे दहा अंकांपर्यंत न्या. फरक कळायला १२ आठवडे लागतात, तिसऱ्या आठवड्यात सोडून देऊ नका.

लघवी चालू असताना मध्येच धार थांबवून सराव करू नका. स्नायू ओळखण्यापुरतं एकदा ठीक, रोज केलं तर पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. आणि शिंक येतेय असं वाटलं की शिंकण्याआधी आवळा. एवढ्या एका सवयीने पहिल्या काही दिवसांतच थेंब कमी होतात.

चिंचगूळ

माझा प्रश्न थोडा वेगळा. थेंब खोकल्यावर नाही, पण दाराच्या कुलपात किल्ली घातली की धीरच निघत नाही, ते?

पाऊलवाट

ती पिशवीच घाई करतेय. भरायच्या आत आकुंचन पावते. मोठ्या माणसाची पिशवी ४००-५०० मिली धरते, पहिली जाणीव दीड-दोनशेच्या आसपास होते. ती पहिली जाणीवच इथे हुकूम होऊन बसते. अशा वेळी पळत सुटू नका. आहात तिथे थांबा, शक्य असेल तर बसा, तोच आवळण्याचा व्यायाम भराभर पाच-सहा वेळा करा. कळ ओसरते. ओसरली की मग चालत जा. दोन लघव्यांतलं अंतर दर आठवड्याला १५ मिनिटांनी वाढवा. चहा-कॉफी कमी करा. बद्धकोष्ठ घालवा, गच्च भरलेलं आतडं पिशवीला मागून ढकलत असतं. लहान मुलांत तर अंथरूण ओलं होण्यामागे हेच अनेकदा सापडतं.

औषधपेटी

यावर सोलिफेनासिन आणि मिराबेग्रॉन ही औषधं आहेत. पहिल्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो. दुसऱ्याने बीपी वाढू शकतं, मोजत राहावं लागतं. मधुमेहींनी एक बघावं: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. त्याने लघवी वाढते आणि बाहेरच्या जागी बुरशीची खाज सुटते. त्या खाजेच्या जागेवरून लघवी गेली की चरचरतं. ही आग बाहेरची, आतली नव्हे. तिला अँटिबायोटिक दिलं तर बुरशी आणखी वाढते.

शल्यक

आता पुरुषांकडे येऊ. पन्नाशीनंतर धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, शेवटी थेंब ओघळत राहतात. प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढून वाट आवळते. सोनोग्राफीत प्रोस्टेट ३५ ग्रॅम की ५५ यावर लोक झोप उडवून घेतात. आकारावरून त्रास ठरत नाही. ठरतो तो धारेवरून आणि लघवी केल्यावर आत किती उरते यावरून. यूरोफ्लो या धार मोजायच्या तपासणीत सेकंदाला १५ मिलीच्या वर धार असेल तर ठीक, १० च्या खाली असेल तर अडथळ्याचा संशय. पण किमान १५० मिली लघवी झाली तरच तो आलेख वाचायचा.

उरलेल्या लघवीच्या आकड्यात सोनोग्राफी केंद्रावर हमखास घोळ होतो. लिटर-दीड लिटर पाणी पाजून दोन तास बसवतात, पिशवी ७००-८०० मिलीपर्यंत ताणली जाते. ताणलेली पिशवी नीट आकुंचन पावत नाही, घाईत अर्धवट लघवी होते आणि रिपोर्टवर ‘२२० मिली शिल्लक’. घाबरू नका. नेहमीसारखी लघवी लागल्यावर, सावकाश करून, लगेच पुन्हा मोजायला सांगा.

टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम ही गोळी वाट सैल करते, दोन-चार दिवसांत फरक दिसतो. जेवणानंतर घ्यावी, पहिले काही दिवस अंथरुणातून झटकन उठू नये, चक्कर येते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरत असेल तर ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगावं. बुबुळ सैल पडून ऑपरेशन अवघड होतं. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड प्रोस्टेट आकसवतात, पण सहा महिने द्यावे लागतात, आणि त्यांच्यामुळे पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा निम्म्यावर येतो. ते लक्षात न घेता ‘पीएसए नॉर्मल’ म्हणून खूश होणं धोक्याचं.

सर्दीची गोळी हा या मंडळींचा छुपा शत्रू. फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन एकत्र असलेली साधी गोळी रात्री घेतली आणि पहाटे लघवी पूर्ण अडली, हा ठरलेला क्रम आहे. अशी अडली की आणखी पाणी पाजून ‘जोर आणायचा’ प्रयत्न करू नका. इस्पितळात जाऊन नळी घालून घ्या.

याहून फसवी अवस्था म्हणजे दुखण्याविना तुंबणं. म्हाताऱ्या माणसाचं रात्री अंथरूण ओलं होतं, दिवसा थेंब थेंब गळतं, घरचे डायपर आणतात. त्यांना लघवी ‘भरपूर होतेय’ असं वाटतं. खरं तर पिशवी लिटरभर भरून वरून सांडत असते आणि मागे किडनी फुगत असते. डायपर आणण्याआधी बेंबीखाली हात लावून पाहा, फुगीर लागलं तर सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) त्याच दिवशी.

रात्रपाळी

नळी घातल्यावर घरी काय बघायचं ते लिहितो. नळीला जोडलेली बाहेरची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली राहिली पाहिजे, पण जमिनीला टेकता कामा नये. रुग्णाला खाटेवरून खुर्चीत बसवताना नातेवाईक पिशवी त्याच्या मांडीवर किंवा खांद्याशी धरतात, त्या क्षणी शिळी लघवी उलटी आत जाते. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, तोटी भांड्याच्या कडेला लागू देऊ नका. नळी मांडीला पट्टीने बांधा. ओढ बसली तर नळी आत धरून ठेवणारा फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी घासून रक्त येतं.

बाजूने लघवी गळत असेल तर मोठी नळी घाला असा आग्रह नको. आधी नळी कुठे पिळली आहे का बघा, मग शौचाला झालंय का विचारा, मग गाळ साचून अडलीय का ते. तिन्ही नसेल तर मूत्राशयाची कळ असते, त्याला औषध आहे. साधी लेटेक्सची नळी दोन ते चार आठवड्यांत बदलतात, पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते. फुगा निर्जंतुक पाण्याने भरायचा, सलाइनने नाही. मिठाचे कण अडकून फुगा उतरत नाही. आणि घरी कुणीही कात्रीने नळी कापून फुगा सोडायच्या फंदात पडू नये.

नळीवाल्या माणसाच्या लघवीत काही दिवसांत जंतू येतातच. ताप नाही, ग्लानी नाही, पोटात दुखत नाही, तर कल्चर करू नका आणि औषध देऊ नका. दिलंत तर आजचे जंतू जाऊन उद्या कुठल्याच औषधाला न मानणारे येतील.

चिंचगूळ

रात्री उठण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही.

शल्यक

त्याला आधी वही हवी. तीन दिवस, एक मोजमापाचा मग, प्रत्येक लघवीची वेळ आणि मिली. रात्रीची बेरीज करताना सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीतच धरायची. समजा २४ तासांत १८०० मिली आणि त्यातली रात्रीची ८००. म्हणजे ४४ टक्के. पासष्टीपुढे ३३ टक्क्यांवर गेलं की दोष पिशवीचा किंवा प्रोस्टेटचा नाही, शरीरच रात्री लघवी जास्त बनवतंय. मग पाय बघा. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि लघवीत निघतं. दुपारी तासभर पाय उशीवर घेऊन पडणं, रात्रीचं मीठ-पापड-लोणचं कमी करणं, आणि लघवीची गोळी चालू असेल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारून दुपारी आणणं, याने रात्रीच्या दोन फेऱ्या वाचतात. जोरात घोरणं आणि मध्येच श्वास थांबणं असेल तर तेही तपासा. उलट प्रत्येक वेळी जेमतेम ८०-१०० मिलीच होत असेल तर मात्र पिशवीकडे आणि प्रोस्टेटकडे बघायचं.

गोदाकाठ

म्हणजे ‘रोज पाच लिटर पाणी प्या’ हा सरसकट सल्ला वृद्धांना नको.

औषधपेटी

नकोच. हृदय कमजोर असेल किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर जादा पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं, माणूस बडबडायला लागतो, पडतो. मूतखडा होऊन गेलेल्याला पाणी जास्त हवं. तिथेही मोजायची ती लघवी, दिवसाला दोन ते अडीच लिटर. लातूरच्या मे महिन्यात शेतात राबणाऱ्याला त्यासाठी किती प्यावं लागेल आणि पुण्यात एसीत बसणाऱ्याला किती, हे सारखं कसं असेल?

सूक्ष्मदर्शी

दोन गोष्टी राहिल्या होत्या.

पस सेल्स भरपूर, कल्चर पुन्हा पुन्हा निगेटिव्ह, महिनोन्‌महिने आग आणि दर अर्ध्या तासाला लघवी. आपल्या देशात इथे क्षयाचा विचार करायलाच हवा. साध्या कल्चरमध्ये क्षयाचे जंतू उगवत नाहीत. सलग तीन दिवस पहाटेची पूर्ण लघवी वेगळ्या तपासणीला द्यावी लागते. हे राहून गेलं तर पिशवी आकसून अंगुस्तानाएवढी होते.

आणि लघवीतलं रक्त. दुखत नाही, एकदाच दिसलं, आपोआप थांबलं. याच रक्ताला लोक सोडून देतात, आणि मूत्राशयाचा कॅन्सर पहिल्यांदा असाच दिसतो, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यात आणि रंगाच्या कारखान्यात राबलेल्यांत. बीट खाल्लं होतं का, लघवी लालसर करणारं क्षयाचं औषध रिफाम्पिसिन चालू आहे का, एवढं बघा. नाहीतर दुर्बिणीची तपासणी टाळू नका. ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा पिण्याची ही वेळ नव्हे.

पाणवठा

सगळ्यांचे मनापासून आभार. आता मूळ रिपोर्टवर परत. ६८ वर्षांच्या त्या बाईने वर सांगितलेल्या रीतीने पुन्हा नमुना दिला, असं धरू. दोन शक्यता घेतो. एक: ग्रॅव्हिटी १.०१०, पस सेल्स २-३, एपिथेलियल १-२. दुसरी: पस सेल्स २०-२५, एपिथेलियल १-२, कल्चरमध्ये ई. कोलाय १ लाखाच्या वर. आणि तिसरा प्रश्न, कल्चर असंच आलं पण तिला काहीच त्रास नसेल तर?

शल्यक

पहिल्यात संसर्ग नाही. मूळची १.०३० ग्रॅव्हिटी म्हणजे लघवी दाट होती, पाणी वाढवल्यावर ती १.०१० वर आली आणि आगही थांबली असेल तर ती खरी उन्हाळी. गोळी नको. पाणी नीट पिऊनही आग राहिली तर त्या वयात पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा तपासावा. तिथे ईस्ट्रोजेनची क्रीम आत लावायला देतात, आणि वारंवार होणारे संसर्गही तिने कमी होतात. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच.

दुसऱ्यात त्रासही आहे आणि नमुनाही चोख आहे, तेव्हा औषध द्यायचं. त्याआधी क्रिएटिनिन बघायचं, किडनी बरीच मंदावली असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन चालत नाही.

तिसऱ्यात काही करायचं नाही. लाखाचा आकडा असला तरी नाही. अपवाद दोन: बाई गरोदर असेल तर, आणि लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन किंवा दुर्बीण व्हायची असेल तर.

वाळा

पहिल्या बाईला माझे धने-जिरे चालतील ना?

शल्यक

अगदी चालतील. गाळून, घोट घोट.